कोळसा काढल्यावर खालच्या दगडाचं काय होतं? खाणीतल्या जाणकारांनी सांगा

तापीकाठचा (भुसावळ)

नमस्कार मंडळी. आपण खान्देशवाले, आपल्याकडे सगळा काळा पाषाण, कोळसा म्हणजे दीपनगरच्या वीजकेंद्राला जाणारी मालगाडी एवढाच संबंध. पण माझा भाचा मायनिंगचा डिप्लोमा करून विदर्भातल्या एका अंडरग्राउंड खाणीत लागलाय. दिवाळीला आला तेव्हा बोलता बोलता म्हणाला, मामा, सगळे विचारतात छत पडतं का, आमच्याकडे एका गॅलरीत, म्हणजे खाणीतल्या बोगद्यात, फ्लोअर वर येतोय, रूळ वाकडे झाले, कोळशाचे टब घसरतात, थोड्या थोड्या दिवसांनी माणसं लावून खालचं तासून काढावं लागतं.

मला काही पटेना. वरची जमीन खचते हे कळतं, खालचा आधार काढला तर वरचं खाली येणारच. पण जे खालीच आहे ते वर का येईल? त्याच्यावरचं ओझं तर कमी झालं ना? मग विचार करत बसलो की कोळशाच्या खाली जे काही असतं, दगड, पाणी, कधी कोळशाचा अजून एक थर, त्याचं काय होत असेल. नेटवर शोधलं तर जमीन खचली, घरांना तडे गेले, एवढंच येतं. खालचं कोणी बोलतच नाही. इथे खाणीत काम केलेलं कोणी असेल तर सांगा.

सरदार_पारोळा

भाऊ, उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. ओझं कमी झालं म्हणूनच तो वर येतो.

मी पेंच आणि नंतर चंद्रपूर साईडला आधी सरदार मग ओव्हरमन, म्हणजे खाणीतला मुकादम, म्हणून नोकरी केली, आता पारोळ्याला शेती बघतो. कॉलेजातली भाषा मला येत नाही, जे पाहिलं ते सांगतो. हिशोब असा धरा की 1 मीटर दगडाचा दाब साधारण 0.025 मेगापास्कल. म्हणजे 300 मीटर खोलीवर साडेसात मेगापास्कल, आपल्या भाषेत एका चौरस मीटरवर साडेसातशे टन. हे ओझं तो दगड करोडो वर्षं घेऊन बसलाय, त्याला सवय झालीय. तुम्ही गॅलरी मारली की तेवढ्या पट्टीत वरून दाब एकदम शून्य, पण बाजूला सोडलेल्या कोळशाच्या खांबाखाली, म्हणजे पिलरखाली, मात्र पहिल्यापेक्षा जास्त, कारण गॅलरीवरचं वजन आता पिलरने उचललं. घरी गादीवर मधोमध कोणी जाड माणूस बसला की बाजूची गादी फुगते ना, तसं पिलर खाली दाबतो आणि मधल्या गॅलरीचा फ्लोअर फुगतो. त्यात आडवा दाब पण असतो, दोन्ही बाजूंनी रेटतो, आणि वर मोकळं असल्यामुळे दगडाला जायला एकच दिशा उरते.

फ्लोअर कडक सँडस्टोनचा असला तर वर्षानुवर्षं काही होत नाही. पण कोळशाच्या खाली बऱ्याच ठिकाणी मऊ शेल, म्हणजे पापुद्र्यांचा दगड, नाहीतर चिकणमातीसारखा थर असतो, त्यात पाणी मुरलं की संपलं. सुरुवातीला गॅलरीच्या मधोमध लांबच्या लांब बारीक भेग दिसते, नख जाईल एवढीच. लोक ओलांडून जातात, कोणी बघत नाही. मग तिच्या दोन्ही बाजूंचे थर सुटून मधे टोक करून उचलले जातात, स्लीपर तिरपे होतात, आणि पहिला टब घसरला की मगच साहेबांना फ्लोअर आठवतो. सब्बलने ठोकून बघा, पक्का फ्लोअर टणकन वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. छत तर आपण रोज ठोकतो. खालचं कोण ठोकतं?

धुळे_एक्सप्रेस

आप्पा, जाड माणसाचं उदाहरण माझ्याकडे बघून दिलं का 😄

भूस्तर

सरदार आप्पांनी बोर्ड अँड पिलरचं, म्हणजे गॅलऱ्या मारून मधे पिलर सोडायच्या पद्धतीचं, छान सांगितलं. मी जळगावला कॉलेजात भूगोल-भूगर्भशास्त्र शिकवतो, पीजीला माझा विषय याच्या जवळचा होता, म्हणून लाँगवॉलचं थोडं जोडतो, कारण खालच्या थरांवरचं मोजमाप जगात सगळ्यात जास्त लाँगवॉल खाणींमध्येच झालंय.

लाँगवॉल म्हणजे शंभर-दीडशे-दोनशे मीटर रुंदीची कोळशाची भिंत मशीनने सलग कापत जायची आणि मागचं छत पडू द्यायचं. आता खालचा एक दगडाचा तुकडा डोळ्यासमोर धरा, फेस, म्हणजे कापली जाणारी ती भिंत, त्याच्या दिशेने येतोय. फेस पोचायच्या आधीच त्याच्यावर दाब वाढायला लागतो, फेसच्या पुढे नेहमीच्या दुप्पट, तिप्पट, कधी त्याहून जास्त होतो. मग फेस वरून निघून गेला की तोच तुकडा एकदम मोकळा होतो आणि फुगतो, थर एकमेकांपासून सुटतात, उभ्या भेगा पडतात. त्यानंतर फेस अजून पुढे गेला आणि मागचा मलबा, म्हणजे गोफ, दबून बसला की परत हळूहळू ओझं येतं, भेगा काही प्रमाणात मिटतात. पण मिटलेली भेग म्हणजे अख्खा दगड नव्हे. आधी दाब, मग मोकळीक, मग परत दाब, असा मार त्याला बसतो, आणि खरी मोडतोड होते ती या पहिल्या दोन टप्प्यांच्या सीमेवर, फेसच्या आसपास.

ही मोडतोड किती खोल जाते? चिनी खाणींमध्ये फ्लोअरमध्ये बोअर मारून, त्यात दोन बाजूंनी पॅकर, म्हणजे बूच, लावून मधल्या भागात पाणी दाबून बघतात, फेस यायच्या आधी किती पाणी मुरत होतं आणि नंतर किती. साधारण 10 ते 30 मीटरपर्यंत भेगा गेलेल्या सापडतात. त्यांच्याकडे अनुभवावरून काढलेलं एक सूत्र पण आहे: तुटलेल्या भागाची खोली = 0.0085 गुणिले खाणीची खोली, अधिक 0.1665 गुणिले थराचा उतार अंशांत, अधिक 0.1079 गुणिले फेसची रुंदी, वजा 4.3579. खोली 300 मीटर, उतार 10 अंश, फेस 150 मीटर टाकून बघा, 16 मीटर येतात. बेरजेत एकट्या फेसच्या रुंदीतून 16.2 येतात, खोलीतून जेमतेम अडीच, उतारातून 1.7, आणि मग 4.36 वजा होतात. म्हणजे फेस जेवढा रुंद कराल तेवढं खाली जास्त मोडणार.

धुळे_एक्सप्रेस

बठ्ठं समजनं भो, फक्त ते सूत्र सोडीसन.

सरदार_पारोळा

सूत्र चांगलं आहे पण सर, ते चीनच्या लाँगवॉलचं. आपल्या बोर्ड अँड पिलरला लावू नका, तिथे फेसची रुंदी म्हणून काय टाकणार? पोरं नेटवरून सूत्र उचलतात आणि रिपोर्टमध्ये चिकटवतात.

भूस्तर

शंभर टक्के सहमत. आकडा नाही, त्यातला कल महत्त्वाचा.

रावेरची_केळी

मला शेतकऱ्याचा प्रश्न पडलाय. आमच्या पट्ट्यात गाळ आहे म्हणून ट्यूबवेल चालतात, पाणी दरवर्षी खाली चाललंय तो वेगळा विषय, सातपुड्याच्या पायथ्याचा बझाडा पट्टा जे काही मुरवेल त्यावरच सगळ्या केळी उभ्या. पण मुद्दा असा, समजा कोळशाच्या खाली दाबातलं पाणी असलं, जसं काही बोअर मारल्यावर पाणी आपोआप वर येतं, आणि तुम्ही म्हणता तसा मधला दगड 16 मीटर तुटला, तर ते पाणी खाणीत नाही का येणार?

भूस्तर

येतंच. भाऊ, तुम्ही बरोबर दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंय. उत्तर चीनमध्ये कोळशाच्या खाली ऑर्डोव्हिशियन काळातला चुनखडक आहे, जाडच्या जाड, आत पोकळ्या, त्यात प्रचंड दाबाने पाणी. कोळसा आणि तो चुनखडक यांच्यामध्ये जो दगड आहे तोच काय तो बांध. वरून खाणीने तो काही मीटर तोडला, खालून पाण्याच्या दाबाने भेगांमधून थोडं वर चढलं, तर मधे शाबूत किती उरलं यावर सगळ्या माणसांचा जीव. तिथले लोक म्हणूनच या मधल्या दगडाचे तीन भाग धरतात, वरचा तुटलेला, मधला शाबूत, खालचा पाणी चढलेला.

2 जून 1984 ला तांगशानच्या फांगगेझुआंग खाणीत असंच पाणी फुटलं. तिथे एक चुनखडकात वरचे थर कोसळून झालेला उभा खांबासारखा भाग होता, म्हणजे बांधातच आधीपासून भोक. जास्तीत जास्त मिनिटाला 2053 घनमीटर पाणी आलं. आपण हतनूर धरणाच्या बातम्या क्युसेकमध्ये वाचतो म्हणून हिशोब करून देतो, साधारण 1200 क्युसेक. जमिनीखाली, कोळशाच्या गॅलरीत.

यावरून त्यांनी एक सोपा नियम धरलाय. पाण्याचा दाब मेगापास्कलमध्ये घ्यायचा, मधल्या दगडाच्या जाडीने भागायचा. जिथे फॉल्ट, म्हणजे दगड तुटून सरकलेल्या जागा, वगैरे भानगडी आहेत तिथे उत्तर 0.06 च्या आत पाहिजे, साध्या सरळ भागात 0.1 पर्यंत चालतं. समजा 200 मीटर पाण्याच्या स्तंभाएवढा दाब, म्हणजे 2 मेगापास्कल, आणि मधे 40 मीटर दगड. उत्तर 0.05, चला, ठीक. पण त्यातले वरचे 16 मीटर आधीच तुटलेत असं धरून 24 नेच भागलं तर 0.08 च्या पुढे. म्हणजे त्याच जागेला एक माणूस सुरक्षित म्हणेल, दुसरा काम बंद करेल. यावर खुद्द त्यांच्यातही वाद झाले, मधे वजा करायची पद्धत होती, नंतर नियमात परत साधा भागाकार आला. माझं वैयक्तिक मत विचाराल तर मी वजा करेन. पण मला कोळसा काढायचं टार्गेट नाही, म्हणून बोलायला सोपं.

धुळे_एक्सप्रेस

चीनचं झालं. आपल्याकडे काय?

सरदार_पारोळा

आपल्याकडे वर्धा खोऱ्यात किंवा पेंचला असा ऑर्डोव्हिशियन चुनखडक नाही. बाराकार नावाच्या खडकांत कोळसा, त्याच्या खाली तालचीरचे खडक, आणि पाण्याचा ताप मुख्यतः वरून, कामठीचा सँडस्टोन पाणी धरतो. पण आपल्याकडचा खरा धोका लोकांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे एकाखाली एक थर आहेत. म्हणजे वरच्या थराचा फ्लोअर तोच खालच्या थराचा छत. वरच्या खाणीत तुम्ही जो फ्लोअर बिघडवून ठेवला तो उद्या खालच्या पोराच्या डोक्यावर असणार आहे.

आता वरची खाण जुनी झाली, बंद पडली, त्यात पाणी भरलं, आणि मधल्या पार्टिंगमध्ये, म्हणजे दोन थरांमधल्या दगडात, आधीच भेगा. चासनाला आठवतं का कोणाला? 27 डिसेंबर 1975, धनबादजवळ, 375 माणसं गेली. जुन्या कामातलं साचलेलं पाणी आत घुसलं. ती घटना फ्लोअरच्या भेगांमुळे झाली असं मी म्हणत नाही, पण जुनं पाणी डोक्यावर असलं की काय होतं ते त्यावरून कळतं. पाणी भरलेल्या जुन्या कामाच्या 60 मीटरच्या आत जायचं तर वेगळी परवानगी, पुढे बोअर मारत मारत जायचं, हा नियम काही हौस म्हणून नाही केलेला.

दोन थरांमध्ये 9 मीटरपेक्षा कमी दगड असेल तर वरचा पिलर आणि खालचा पिलर एकाखाली एक आले पाहिजेत, आणि मधे 3 मीटरपेक्षा कमी तर कुठेच नको, हा आणखी एक नियम. नवीन पोरांना वाटतं सर्व्हेअर उगाच किचकिच करतो. कारण तेच, वरचा पिलर खाली दाब सोडतो, आणि त्या दाबाखाली तुम्ही गॅलरी काढली तर छतच गेलं.

एक प्रसंग सांगतो. एका खाणीत खालच्या थरात काम चालू होतं, सगळं बरं, आणि एका ठिकाणी पोचल्यावर पिलरच्या कडेचा कोळसा आपोआप सुटायला लागला. हात लावायची गरज नाही, बारीक कडकड आवाज आणि तुकडे पायाशी. दहा-पंधरा पावलं मागे गेलं की शांत. पुढे गेलं की परत तेच. प्रॉपच्या, म्हणजे छताच्या टेकूच्या, खाली पाट ठेवला होता तरी प्रॉप फ्लोअरमध्ये घुसत होता. सर्व्हेअरने वरच्या थराचा जुना नकाशा आणून खालच्यावर ठेवला तर बरोबर त्याच जागी वर एक स्टूक, म्हणजे पिलरचा उरलेला तुकडा, सोडलेला. वरच्यांनी काढताना परवडलं नाही म्हणून सोडून दिला असेल. आजूबाजूचं सगळं पडलेलं, म्हणून सगळं वजन त्या एका तुकड्यावर, आणि तिथून सरळ खाली आमच्यावर. तो भाग आम्ही सोडूनच दिला. काही कोळसा परवडत नाही.

रावेरची_केळी

बाप्पा! म्हणजे वरच्याने आळस केला तर खालचा भोगतो. शेजारच्या बांधासारखं झालं हे.

शहादेकर

चांगला धागा, वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. खाणींमुळे भूकंप होतात का? आणि आपल्या खान्देशात ट्रॅपच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या, खाली कोळसा असेल का?

भूस्तर

पहिल्याचं उत्तर, लहान धक्के बसतात, हो. कोलारच्या सोन्याच्या खाणीत रॉकबर्स्टचे, म्हणजे दाबाने दगड एकदम फुटण्याचे, धक्के गावात जाणवायचे, कोळशात पण कडक छत आणि कडक फ्लोअर असला तर असेच धक्के बसतात, त्याला बंप म्हणतात. तापी खोऱ्यातल्या भूकंपांशी याचा संबंध जोडू नका, इथे खाणच नाही.

दुसरं, नागपूरकडे काही ठिकाणी ट्रॅपच्या खाली गोंडवाना खडक, म्हणजे आपला कोळसा ज्यात असतो ते, मिळालेत. खान्देशात ट्रॅप एवढा जाड आहे की शहाद्याला सातबाऱ्यावर कोळसा निघेल अशी आशा ठेवू नका 🙂

एक गोष्ट मात्र राहिली, ती या विषयातली मला सगळ्यात आवडणारी. खालचा थर मोकळा होऊन फुगतो हे दर वेळी वाईटच असतं असं नाही. खालच्या कोळशात मिथेन जास्त असेल, आणि तो एकदम फुटून माणसं मारायची भीती असेल, तर आधी वरचा, कमी धोक्याचा थर मुद्दाम काढून घेतात. वरचा गेला की खालचा सैल होतो, भेगा उघडतात, गॅस बाहेर वाहू शकतो, त्याची वाहण्याची क्षमता शेकडो पटींनी वाढते. मग बोअर मारून तो गॅस ओढून घ्यायचा आणि नंतर खालचा थर काढायचा. चीन आणि युरोपात हे केलंय. पण गॅस ओढला नाही तर तोच गॅस फ्लोअरच्या भेगांमधून वरच्या फेसवर येतो, त्यामुळे अर्धवट करायचं काम नाही हे.

धुळे_एक्सप्रेस

मग सगळा त्रास रिकाम्या जागेचा असेल तर ती भरून टाका ना. दीपनगरची राख उचला, परतीच्या गाडीत टाका, खाणीत ओता. कोळसा पण तिकडून येतो, गाडी रिकामीच जाते.

सरदार_पारोळा

हसायला नको, कल्पना खरी आहे. आपल्याकडे नदीची वाळू पाण्याबरोबर पाईपने सोडून स्टोइंग करतात, त्याने छत पण वाचतं आणि फ्लोअरवर परत थोडं ओझं येतं म्हणून तो पण कमी हलतो. राखेचंही झालंय. पण बारीक फ्लाय अॅश पाणी लवकर सोडत नाही, चिखल तसाच राहतो, आणि पुढचा बांध, आम्ही बॅरिकेड म्हणतो, त्याच्यावर पाण्याचा दाब येतो. बॅरिकेड फुटला तर तो चिखल गॅलरीत. जाड राख, तळाची, जास्त बरी. शिवाय तेच पाणी जर मऊ शेलच्या फ्लोअरवर साचून राहिलं तर ज्या आजारासाठी औषध दिलं तोच वाढतो. आधी निचरा बघायचा, मग भरायचं.

तापीकाठचा (भुसावळ)

मंडळी, खूप खूप आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. भाच्याला धागा पाठवला, त्याने रात्री ड्युटीवरून आल्यावर वाचला. त्याचा एक प्रश्न आहे, त्याच्याच शब्दांत टाकतो:

"आमच्याकडे कन्व्हर्जन्स स्टेशन आहेत, छतात एक पिन, फ्लोअरमध्ये एक पिन, टेलिस्कोपिक रॉडने दोघांतलं अंतर मोजतो. त्या गॅलरीत अंतर सारखं कमी होतंय. अंडर मॅनेजर साहेब म्हणतात छत खाली येतंय, छताला धरणारे बोल्ट वाढवा. मला वाटतं फ्लोअर वर येतोय. रॉडवरून कसं ठरवायचं?"

सरदार_पारोळा

पोरगं हुशार आहे. रॉडवरून ठरवताच येत नाही, रॉडला फक्त अंतर कळतं, कोण हललं ते कळत नाही. कितीतरी ठिकाणी असंच होतं, आकडा कमी झाला की छत म्हणायचं, आणि बोल्ट मारत राहायचं. बोल्ट मारलेले वाया जात नाहीत पण आजार वेगळाच.

त्याला सांगा, सर्व्हेअरला पटवून त्या गॅलरीपासून लांब, जिथे काही हलत नाही अशा ठिकाणावरून लेव्हल, म्हणजे उंचीचं मोजमाप, आणायची आणि दोन्ही पिनांची उंची वेगवेगळी घ्यायची. आठवड्याने परत. फ्लोअरची पिन वर गेली आणि छताची तिथेच, तर वाद संपला. लेव्हलचा माणूस मिळत नसेल तर फ्लोअरमध्ये दोन-तीन मीटर खोल भोक पाडून तळाशी एक रॉड सिमेंट करायची, वरच्या भागात तिला मोकळं ठेवायचं, आणि फ्लोअर तिच्या टोकापासून किती वर सरकला ते बघायचं. मऊ थर जाड असेल तर रॉड अजून खोल लागेल, नाहीतर रॉडसकट सगळं वर येतं आणि आकडा फसवतो.

भूस्तर

आणि त्याच्याबरोबर पाण्याची नोंद ठेवायला सांगा. गॅलरीच्या कडेला नाली आहे का, ती भरलेली आहे का कोरडी, पंप कधी बंद होता. फ्लोअरचा वेग आणि पाणी साचलेले दिवस एका कागदावर शेजारी शेजारी लिहिले तर साहेबांना दाखवायला बरं पडतं.

तापीकाठचा (भुसावळ)

भाचा म्हणतो नाली आहे, पण ज्या ठिकाणी फ्लोअर उचलला तिथेच तिचा उतार उलटा झालाय, म्हणून पाणी आता मधेच थांबतं.

सरदार_पारोळा

मग लेव्हल येईपर्यंत थांबू नका. आधी ती नाली तासून उतार सरळ करा आणि साचलेलं पाणी पंपाने काढा, त्याला कोणाच्या मोठ्या परवानगीची गरज नसते, शिफ्टच्या ओव्हरमनला सांगितलं तरी होतं. आणि तासताना पिनांच्या जागी हात लावू नका म्हणावं, लोक फ्लोअर साफ करताना पिनच उपटून टाकतात आणि मग सगळं रीडिंग परत पहिल्यापासून.

धुळे_एक्सप्रेस

पिनेभोवती पिवळा रंग मारायला सांगा.

सरदार_पारोळा

रंग चिखलात दोन दिवसांत जातो. पिनेच्या वर छताला एक टॅग लटकवा, तो दिसतो.

तापीकाठचा (भुसावळ)

टॅग लावतो म्हणाला. पहिली लेव्हल सोमवारी घेणार आहेत, आकडे मिळाले की इथेच टाकतो.